तालुक्याच्या वाचनालयातील मोडी रुमाल आणि जुन्या वह्या: स्कॅन झाल्यावर मूळ कागद ठेवावेत का?

वाचनालय_चिटणीस

सर्वांना नमस्कार. दक्षिण कोकणातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या, शंभरी केव्हाच ओलांडलेल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी मानद चिटणीस आहे. मी निवृत्त शिक्षक असून अभिलेखांच्या जतनाचे कोणतेही शिक्षण मला नाही, म्हणून जाणकारांपुढे हा प्रश्न मांडत आहे.

आमच्या माडीवरील खोलीत मोडी लिपीतील कागदांचे एकेचाळीस रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. गावातील एका खोत घराण्याने ते १९३०च्या सुमारास वाचनालयाकडे दिले, एवढेच आम्हाला ऐकून माहीत आहे. त्यांच्याशेजारी स्थापनेपासूनच्या कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या, देणगीपुस्तके आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील साप्ताहिकांच्या व दैनिकांच्या बांधीव फायली आहेत. सारे मिळून वीस हजारांच्या आसपास पाने भरतील. गेल्या पावसाळ्यात कौले सरकली आणि सहा रुमाल भिजले. आम्ही ते गच्चीवर उन्हात वाळवले. काही कागद वेडेवाकडे झाले आणि दोन पुडक्यांतील कागद एकमेकांना घट्ट चिकटले आहेत.

मुंबईस्थित एका ग्रामस्थांनी या संग्रहाच्या डिजिटायझेशनसाठी तीन लाख रुपये देऊ केले आहेत. मागील सभेत असा सूर निघाला की सर्व पाने स्कॅन करून हार्ड डिस्कवर ठेवावीत, मूळ कागद, विशेषतः जुन्या वह्या आणि वर्तमानपत्रे, काढून टाकावीत आणि त्या खोलीत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका करावी. अभ्यासिकेची गरज खरी आहे, पहाटे सहाला मुले दाराशी उभी असतात, हे मी नाकारत नाही. तरीही ठरावावर सही करताना माझा हात थांबला. दुसऱ्या एका सदस्यांचे म्हणणे असे की कागद ठेवायचेच असतील, तर सरसकट लॅमिनेट करून घ्यावेत. पंधरा वर्षांपूर्वी वीसेक कागद बाजारातील दुकानात तसे करून घेतले होते. ते आज कडेने तपकिरी दिसतात, त्यामुळे या उपायाबद्दलही मला शंका आहे. आमचे शिपाई दरवर्षी न चुकता रुमालांत कडुनिंबाचा पाला घालतात, त्याचा उपयोग होतो की नाही, हेही कृपया सांगावे.

माजी_मेंडर

नमस्कार सर. एका अभिलेखागाराच्या दुरुस्ती विभागात मी मेंडर, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणारा कारागीर, म्हणून सव्वीस वर्षे काम केले. आपला हात थांबला, हे फार बरे झाले.

आपल्या संग्रहात वयाचा क्रम आणि तब्येतीचा क्रम एकमेकांच्या उलट आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. मोडी कागद सर्वांत जुने असले, तरी तेच सर्वांत धडधाकट असण्याची शक्यता आहे. जुन्नर किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी तयार होणारा हातकागद चिंध्या, ताग यांसारख्या लांब धाग्यांच्या लगद्याचा असे. त्यामुळे दोन-अडीचशे वर्षांनंतरही तो दुमडला तरी तुटत नाही. त्यावरची शाई बहुधा काजळ आणि डिंक यांची असते. काजळ म्हणजे कार्बन, तो उजेडाने विटत नाही आणि कागदाला खातही नाही. मात्र पाणी लागले की डिंक सुटतो आणि अक्षर पसरते. आपल्या भिजलेल्या रुमालांत कागद चिकटण्याचे एक कारण हा डिंक असू शकतो. याउलट १८५० नंतर गिरणीच्या कागदात लाकडाचा लगदा आला आणि शाई फुटू नये म्हणून तुरटी व राळ यांची खळ दिली जाऊ लागली. तुरटीतून आम्ल तयार होते, लाकडातील लिग्निन उजेडात पिवळे पडते आणि १९२० सालचे वर्तमानपत्र नुसते उलगडताना पापडासारखे मोडते. म्हणून स्कॅनिंगचा पहिला हक्क वर्तमानपत्रांचा, आणि पाण्यापासून बचावाचा पहिला हक्क मोडी रुमालांचा.

लॅमिनेशन करू नये, हे मी निःशंकपणे सांगतो. बाजारातील लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळणारा प्लास्टिकचा थर कागदाच्या धाग्यांत शिरतो. तो पुन्हा काढता येत नाही, आणि कागदातील आम्ल आतच कोंडून राहते. कडेचा तपकिरीपणा ही त्याचीच खूण आहे. आमच्या पिढीने स्वतःही काही पद्धती मोठ्या विश्वासाने वापरल्या आणि पुढे त्यांचा पश्चात्ताप केला. रेशमी शिफॉन लावलेले असंख्य कागद माझ्या हाताखालून गेले. वीस-पंचवीस वर्षांत ते रेशीमच पिवळे पडून ठिसूळ झाले आणि पुन्हा उतरवण्याचे काम नव्या मंडळींच्या वाट्याला आले. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो: आज केलेली दुरुस्ती उद्या कागदाला इजा न होता काढता आली पाहिजे. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू यांनी केलेली दुरुस्ती ओलाव्याने सुटते, म्हणून ती चालते. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि स्टेपलर यांना खोलीच्या दारातूनच परत पाठवावे.

चिकटलेली पुडकी ओढून सोडवू नयेत. ती आहेत तशी, मलमलीत सैल गुंडाळून, प्रशिक्षित माणूस मिळेपर्यंत कोरड्या जागी ठेवावीत. पुन्हा असा प्रसंग आला, तर ऊन हा उपाय नाही. ओल्या कागदाला दमट हवेत साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, आणि तेवढ्या वेळात शेकडो कागद सावलीत पंख्याखाली वाळवणे दोन माणसांना शक्य होत नाही. कोकणात यावर एक सोय आहे, जिचा फारसा कोणी विचार करत नाही. जवळच्या बंदरावर मासळीचे शीतगृह असेल, तर त्याच्या व्यवस्थापकांशी आजच बोलून ठेवावे. भिजलेली पुडकी प्लास्टिकच्या पिशव्यांत नीट बंद करून उणे २० अंशांच्या आसपास गोठवली, की बुरशी आणि शाईचे पसरणे दोन्ही थांबते, आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी थोडे थोडे बाहेर काढून वाळवता येते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर आला, तेव्हा १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिराच्या ग्रंथांचे किती नुकसान झाले, हे आपण कोकणात राहून जाणताच. अशा वेळी कोणाला फोन करायचा, हे आधी ठरलेले असणे ही निम्मी लढाई असते.

कडुनिंबाबद्दल शिपाईभाऊंचे मन मोडवत नाही, परंतु ओला पाला कागदाला ओलावा देतो आणि वाळलेला चुरा डाग पाडतो. वेखंडाची पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधून कागदाला न लागता कपाटात ठेवली, तर माझी हरकत नाही. मात्र कसर आणि वाळवी यांना दूर ठेवते ती महिन्याकाठी होणारी झाडझूड. डांबरगोळ्या माणसांसाठीच वाईट. जुन्या फायलींवर पांढरी पूड दिसली, तर ती फुंकू नये. एके काळी अनेक ग्रंथालयांत डीडीटी आणि गॅमेक्सिन ही विषारी कीटकनाशके सर्रास भुरभुरवली जात असत. मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय त्या फायली हाताळू नयेत.

आता खोली. तीन लाखांपैकी पहिला खर्च कौलांवर आणि खोलीवर व्हावा, स्कॅनरवर नव्हे. एक साधे आर्द्रतामापक आणावे आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहावा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली, की बुरशी येणारच. कोकणात आषाढ-श्रावणात ती ९०पर्यंत जाते. आदर्श ५० टक्के आपल्याला बारा महिने राखता येणार नाहीत, त्याची खंतही करू नये. परंतु आर्द्रताशोषक यंत्र, छताचा पंखा आणि भिंतीपासून वीतभर दूर सरकवलेली, जमिनीपासून उंच उचललेली लोखंडी मांडणी एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. प्लायवूडची नवी कपाटे करू नयेत, त्यांतून आम्लयुक्त वाफा निघत राहतात. रुमालांचे कापड लाल खारव्याचे असेल, तर भिजल्यावर त्याचा रंग कागदावर उतरतो. कोरे मांजरपाट दोनदा उकळत्या पाण्यात धुऊन, त्यातील खळ पूर्ण काढून मगच वापरावे, कारण कसरीला ती खळ कागदाइतकीच आवडते.

मोडीवाचक

मेंडर साहेबांनी कागदाचे सांगितले, मी मजकुराच्या बाजूने थोडी भर घालतो. वीस वर्षे मी खाजगी दप्तरांतील मोडी वाचतो आहे.

स्कॅन करणारी मंडळी येण्यापूर्वी एकही रुमाल विषयवार लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पत्रे एकीकडे, हिशेब दुसरीकडे, वतनाचे कागद तिसरीकडे अशी मांडणी करण्याचा मोह उत्साही माणसाला हमखास होतो, आणि त्यात कारकुनाने दीडशे वर्षांपूर्वी बांधलेला संबंध कायमचा तुटतो. शेताच्या खंडावरून झालेल्या एखाद्या तंट्याच्या पुडक्यात मध्येच भाताच्या मापाची चिठ्ठी निघाली, तर ती चुकून आलेली नसते. तो बहुधा त्या तंट्याचा पुरावा असतो. रुमालाला क्रमांक, त्यातील पुडक्याला क्रमांक आणि पुडक्यातील कागदाला क्रमांक, हे मऊ शिसपेन्सिलीने कोपऱ्यात लिहावेत आणि तोच क्रमांक पुढे स्कॅनच्या फाइलचे नाव व्हावा. वाचनालयाचा रबरी शिक्का मजकुरावर मारू नये. मी असे शिक्के पाहिले आहेत, आणि नेमकी तारीखच त्याखाली गेलेली पाहिली आहे.

कोरी दिसणारी मागची बाजूही स्कॅन झालीच पाहिजे. मराठी दप्तरांतील लांब कागद अनेक बंद, म्हणजे कागदाचे तुकडे, एकमेकांना चिकटवून केलेले असतात आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून जोडावर मागून शिक्का केलेला असतो. समोरून काढलेल्या छायाचित्रात तो जोड दिसत नाही. मूळ कागद का ठेवावा, या प्रश्नाचे माझ्यापुरते हे पुरेसे उत्तर आहे. उद्या त्या कागदाच्या खरेपणाबद्दल वाद झाला, तर निर्णय जोड, शिक्का, कागदाची वीण आणि शाई पाहून होईल. पडद्यावर ती वीण बोटांनी चाचपता येत नाही.

सूची करताना काळाची नोंद जशी लिहिली आहे तशीच उतरवून घ्यावी, आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात लिहावा. समजा कागदावर ‘सित तिसैन मया व अलफ’ असे आहे. या अरबी संख्याशब्दांतील सहा, नव्वद, शंभर आणि हजार मिळून ११९६ हे सुहूर सन (मराठी दप्तरांत वापरली जाणारी एक कालगणना) होते. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात आणि वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून तो कागद १७९५च्या जूनपासून १७९६च्या जूनपर्यंतच्या काळातील ठरतो. सूचिकाराने तो आकडा फसली या दुसऱ्या कालगणनेचा समजून ५९० मिळवले, तर १७९५च्या खर्ड्याच्या लढाईनंतरचा कागद १७९४ साली वारलेल्या महादजी शिंद्यांच्या हयातीत जाऊन बसतो. मूळ नोंद शेजारी असेल, तर चूक पुढच्या माणसाला दुरुस्त करता येते. केवळ इसवी सन लिहिला असेल, तर ती चूक छापील इतिहासात जाते.

‘निरुपयोगी वाटतात ते कागद काढू’ असे सभेत कोणी म्हणाले, तर पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण सांगावे. गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग छापले गेले. ती निवड प्रामुख्याने राजकारण आणि मोहिमा यांची होती, आणि तिच्याबाहेर हजारो रुमाल तसेच राहिले. पुढे शेतसारा, बाजारभाव, जाती आणि गावगाडा यांचा अभ्यास करणारे लोक आले, तेव्हा त्यांना न निवडलेल्या कागदांचीच गरज पडली. न छापलेले रुमाल त्या वेळी कोणी रद्दीत घातले नाहीत, म्हणूनच हे अभ्यास होऊ शकले.

त्रयस्थ

मी थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. परंतु ते ज्या वाचनालयात पूर्णवेळ प्रशिक्षित माणूस आहे, त्याला लागू पडतात. आपण मानद चिटणीस आहात. उद्या दुसरे येतील, त्यांना या कागदांची ओढ असेलच असे नाही. आर्द्रतेची वही चार महिने लिहिली जाईल आणि पाचव्या महिन्यात बंद पडेल. माझ्या आजोळच्या गावी अगदी असेच घडले. हौशी कार्यवाह गेले आणि दहा वर्षांत त्या माडीवर कबुतरांखेरीज कोणी राहिले नाही. राज्याच्या पुराभिलेख खात्याची मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणी दप्तरे आहेत. पुण्यात १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. त्यांच्यापैकी कोणाशी तरी बोलून मोडी रुमाल तिकडे सोपवावेत आणि आपण स्कॅन ठेवावेत, हा मला व्यवहार्य मार्ग वाटतो.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासावी. ‘घराण्याने दिले’ असे आपण लिहिले आहे. दिले म्हणजे दान दिले, की ठेवायला दिले? ते ठेव असेल, तर त्या कागदांचे मालक वाचनालय नव्हे, आणि ते काढून टाकण्याचा किंवा दुसऱ्या संस्थेला देण्याचा अधिकार सभेला नाही. त्या घराण्याचे वारस आज कोठे आहेत? खेरीज, ७५ वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते व दस्तऐवज १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येतात आणि त्यांची परदेशी निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही, हेही संबंधितांना माहीत असू द्यावे. रद्दीवाल्याकडून कागद विकत घेणारे शौकीन कमी नाहीत.

मोडीवाचक

त्रयस्थ यांच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. पहिल्याशी निम्मा. मोठ्या संस्थेत गेलेला कागद सुरक्षितच असतो, असेही नाही; ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा तेथील हस्तलिखितेही त्या मोडतोडीतून सुटली नाहीत. शिवाय स्थानिक दप्तर गावातून गेले की ते वाचणारा गावातील माणूस संपतो. त्या कागदांतील शेतांची, पाणंदींची आणि पऱ्ह्यांची (ओढ्यांची) नावे ओळखू शकणारी माणसे तुमच्याच गावात आहेत. पुण्यात बसून मला ती कळत नाहीत. सोपवायचेच झाले, तर दान न देता लेखी करार करून ठेव म्हणून द्यावे, आणि पुडक्यांचा क्रम न बदलण्याची अट त्यात घालावी.

पणजीकर

मूळ प्रश्नात इतिवृत्ताच्या वह्यांचा उल्लेख आहे, त्याकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. या वह्यांतील शाई काजळाची नसून हिराकसाची (लोहाच्या क्षाराची) असण्याची दाट शक्यता आहे. हिराकस आणि मायफळ किंवा हिरडा यांच्यापासून केलेली ही शाई लिहिताना फिकी असते आणि हवा लागून काळी होते. त्यातील लोह व आम्ल कागदाला हळूहळू खातात. गोव्यातील पोर्तुगीजकालीन कागदांत हा रोग आम्ही नित्य पाहतो. येथील अभिलेखागाराची परंपरा १५९५ सालापासूनची, आणि त्याचा पहिला रखवालदार दियोगु दु कोउतु हा स्वतः बखरकार होता. लिस्बन आणि गोवा यांच्यातला पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांच्या जहाजांतून होई, म्हणून त्या पत्रांच्या बांधीव खंडांना ‘मोन्सोंइश’, म्हणजे मोसमांचे ग्रंथ, असेच नाव पडले. ज्या पावसाचे नाव त्यांनी मिरवले, त्याच पावसाने त्यांचे सर्वाधिक नुकसान केले. ठळक, गर्द लिहिलेल्या पानांवर अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक दिसते, आणि पान उलटताना शब्द खाली गळतात.

ओळखण्याची सोपी खूण अशी, की पानाच्या मागील बाजूस अक्षरांची तपकिरी छाया उमटलेली असते. अशी पाने पाण्याने पुसू नयेत आणि ओली खळ लावून दुरुस्तही करू नयेत. ओलाव्यासोबत लोहाचे कण शेजारच्या कोऱ्या कागदात पसरतात आणि रोग वाढतो. मेंडर साहेबांची गव्हाची खळ काजळाच्या शाईला योग्य आहे. येथे मात्र ती तज्ज्ञाने आधी चाचणी करूनच वापरावी. पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद घालावा, वही १८० अंशांत उघडून सपाट दाबू नये, आणि स्कॅन करणाऱ्याने काच दाबणारा फ्लॅटबेड स्कॅनर आणला, तर त्याला नम्रपणे परत पाठवावे. वहीखाली पाचरीच्या आकाराच्या उशा ठेवून वरून कॅमेऱ्याने छायाचित्र घेणे हीच योग्य रीत आहे.

माजी_मेंडर

पणजीकरांची दुरुस्ती मान्य. मी सारे आयुष्य काजळाच्या शाईत काढले, म्हणून हा फरक लिहायचा राहिला.

विदा_रखवालदार

मी गेली अनेक वर्षे परदेशात एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिजिटल संग्रहांची देखभाल करतो. मुळात सांगलीचा.

‘स्कॅन करून हार्ड डिस्कवर ठेवावे’ या वाक्यातील ‘ठेवावे’ हा शब्द फसवा आहे. कागद कपाटात विसरला, तरी वाळवी लागेपर्यंत टिकतो; डिजिटल फाइल विसरली, की तिचा नाश तेथूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये १०८६ साली चर्मपत्रावर लिहिलेली डूम्सडे नावाची जमीनजुमल्याची नोंदवही आजही वाचता येते. तिच्या नवशे वर्षांच्या निमित्ताने बीबीसीने १९८६ साली लेझर डिस्कवर एक मोठा प्रकल्प केला. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवण्यासाठी संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल करणारी प्रणाली लिहावी लागली. आपली हार्ड डिस्क पाच वर्षांनी बदलायची आहे, हे आजच अंदाजपत्रकात दिसले पाहिजे. नसेल, तर तो फक्त उद्घाटनाचा खर्च आहे.

हिशेब सोपा आहे. फुलस्केप आकाराचे पान ४०० डीपीआयवर (एका इंचात ४०० बिंदू) रंगीत स्कॅन केले, तर न दाबलेली, म्हणजे आकार कमी न केलेली, टिफ (चित्रांच्या फाइलचा एक प्रकार) फाइल सुमारे ५५ मेगाबाइटची होते. वीस हजार पानांना साधारण ११०० गीगाबाइट लागतात. हे आज अवघड नाही. दोन टेराबाइटच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क घ्याव्यात, एक वाचनालयात आणि एक गावाबाहेर, शक्यतो पुराच्या आणि समुद्राच्या टापूबाहेर, ठेवावी. तिसरी प्रत क्लाउडवर किंवा एखाद्या संशोधन संस्थेच्या साठ्यात असावी. टिफ ही जतनाची प्रत आहे, तिला हात लावू नये. वाचकांसाठी तिच्यापासून जेपेग किंवा पीडीएफ करून द्यावी. कंत्राटदार बहुतेक वेळा फक्त पीडीएफ देतात आणि टिफ स्वतःच्या संगणकावरून पुसून टाकतात, म्हणून टिफ फाइली मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून यादी ठेवावी. चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा आकडा; एक बिंदू जरी बदलला, तरी तो बदलतो. वर्षातून एकदा, समजा दसऱ्याला, संगणक ते आकडे पुन्हा काढून जुळवून पाहतो, आणि न जुळलेली फाइल दुसऱ्या प्रतीवरून परत आणता येते. शस्त्रपूजेला हार्ड डिस्कही मांडावी, असे मी गमतीने म्हणतो, परंतु तारीख लक्षात ठेवायला ते खरोखर उपयोगी पडते.

आणि मोडीवाचकांचा क्रमांक हाच फाइलनावाचा पाया ठेवावा. ‘स्कॅन०००१’ अशा नावांच्या वीस हजार फाइली म्हणजे गाठी सुटलेले एकेचाळीस रुमाल एकत्र ओतल्यासारखे आहे.

वाचनालय_चिटणीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण त्रयस्थ यांनी विचारलेल्या प्रश्नाचा शोध घेत होतो.

उत्तर इतिवृत्ताच्या वहीतच सापडले, जी वही काढून टाकण्याची चर्चा आमच्या सभेत झाली होती. १९३१ सालच्या एका सभेच्या नोंदीत स्पष्ट लिहिले आहे की, सदर घराण्याचे कागद वाचनालयाने ठेव म्हणून स्वीकारले असून ते इमारतीबाहेर नेऊ नयेत आणि घराण्यातील कोणी मागितल्यास पाहू द्यावेत. पानाच्या मागे पणजीकर म्हणतात तशी तपकिरी छाया उमटली आहे. दोन सह्यांच्या जागी भोके पडली आहेत, परंतु ठरावाचा मजकूर शाबूत आहे. मी तो मासिक सभेत वाचून दाखवला. ज्या सदस्यांनी अभ्यासिकेची सूचना मांडली होती, त्यांनीच उठून सांगितले की त्या घराण्यातील एक काकू पुण्यात असतात आणि त्यांना ते स्वतः फोन करतील. काकूंना हे कागद अजून आहेत, हेच ठाऊक नव्हते.

देणगीदारांना तुमचे प्रतिसाद छापून पाठवले होते. कौले, विजेची जोडणी, आर्द्रताशोषक यंत्र आणि मांडणी यांना आधी पैसे, उरलेल्या रकमेत वर्तमानपत्रांचे आणि इतिवृत्तांचे स्कॅनिंग, आणि मोडी रुमालांची फक्त क्रमांकवार यादी, असे यंदापुरते ठरले आहे. उद्घाटन कशाचे करायचे, असे त्यांनी जरा खट्टू होऊन विचारले. कौलांचे करू, असे मी म्हणालो. अभ्यासिकेसाठी खालच्या मजल्यावरील मासिकांचा कक्ष रिकामा करणार आहोत, आणि त्यावरून आता वेगळा वाद सुरू झाला आहे.

एक शंका राहिली. आर्द्रतामापक आणून आठ दिवस झाले. खोलीत सकाळचा आकडा ७४ येतो. मात्र रुमालांचे लोखंडी कपाट उघडून आत ठेवल्यावर तो ८२ दाखवतो. यंत्रात दोष असेल काय?

माजी_मेंडर

यंत्रात दोष नाही सर. भिजलेले सहा रुमाल त्याच कपाटात ठेवले असतील, तर त्यांच्यातील ओल बाहेर पडते आहे आणि बंद कपाटात तिला जायला वाट नाही. आज संध्याकाळपूर्वी ते सहा रुमाल बाहेर काढून वेगळ्या टेबलावर सैल करून ठेवावेत, कपाटाची दारे उघडी ठेवून पंखा भिंतीकडे तोंड करून लावावा, म्हणजे वारा थेट कागदावर येणार नाही. गावातील लोहाराकडून कपाटाच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, बोटभर व्यासाची भोके पाडून घ्यावीत आणि आतून बारीक जाळी लावावी. भोके पाडताना कपाट पूर्ण रिकामे असावे. चार दिवसांनी आतला आणि बाहेरचा आकडा येथे लिहावा. आत पांढरट किंवा हिरवट ठिपके दिसले, तर ते झटकू नयेत, आधी छायाचित्र पाठवावे.